फेल्टनची यादी

"साहेब, तुमचं मशीन पळतंय," मी म्हणालो.

सोराबजींनी मान वळवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या घराण्याला नावं ठेवली असती तरी ते इतके दुखावले नसते.

"काय बोलला?"

"रेकॉर्ड पळतीय. तेहेतीसची असणार, तुम्ही पंचेचाळीसवर लावलीय."

"बाबा, तू काम काय करतो?"

"मोटरी भरतो. जळालेल्या मोटरींना नवी तार. नगरला दुकान आहे माझं."

"मोटरवाला हाय? मग ये इकडे, बघ." त्यांनी माझं मनगट धरून मला त्या मशीनपाशी ओढलं. फिरत्या ताटाच्या कडेला बारीक ठिपके होते आणि बाजूला एक लाल दिवा. "हे ठिपके पळतात काय?"

"नाही. उभे आहेत."

"उभे हायत. म्हंजे स्पीड बरोबर हाय. माजा मशीन नाय पळत, तुजा कान पळतो. आता गप बस, कॅसेट भरते हाय."

रेकॉर्ड फिरत राहिली. खोलीभर माणसं गात होती, बायका वर, पुरुष खाली, आणि सगळे असे निघाले होते जशी शाळा सुटल्यावर पोरं निघतात. मला घाम फुटला. कारण हे गाणं मला पाठ होतं. सव्वीस वर्षं मी ते आमच्या नगरच्या कबरस्तानात ऐकत आलो होतो, आणि ते असं नव्हतं.

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो.

माझी बायको एस्तेर आमच्या चर्चच्या मंडळीचा गायकवृंद चालवायची. लहानपणी मिशनच्या शाळेत एका गोऱ्या मॅडमकडे ती पियानो शिकली. मॅडम मायदेशी परत गेल्या तेव्हा जाताना त्यांनी तिला स्वरलिपीची एक छापील वही दिली. एडविन फेल्टन नावाच्या इंग्रज माणसाने रचलेलं 'सकाळचं स्तोत्र'. हा फेल्टन कुठल्याशा खेड्यातल्या देवळात ऑर्गन वाजवायचा आणि तिथेच मेला. मोठ्या लोकांत त्याचं नाव नाही, असं एस्तेरच सांगायची. पण ती वही हातात आल्यापासून तिला त्याचं वेड लागलं. मी चिडवायचो, "तुझ्या फेल्टनचं पत्र आलंय का?" ती म्हणायची, "आलं असतं तर तुम्हाला दाखवलं असतं होय?"

पत्र एकदा खरंच आलं. त्याच्या गावात त्याच्या नावाचं एक मंडळ आहे, त्यांना तिने लिहिलं होतं. त्यांनी टाइप केलेली एक यादी पाठवली. फेल्टनची माहिती आणि संगीत कुठे कुठे मिळेल त्याची. अकरा नोंदी होत्या. त्याच्यावर लिहिलेली दोन पुस्तकं, त्याची पत्रं कुठल्या ग्रंथालयात ठेवलीत ते, तो वाजवायचा तो ऑर्गन, त्याचं घर, आणि कुठल्या रेकॉर्डवर काय आहे ते. एस्तेरने चार वर्षं त्या यादीचा पाठपुरावा केला. एक पुस्तक रद्दीवाल्याकडून मिळालं, दुसरं एका पाद्रीसाहेबांनी मुंबईहून आणलं. पत्रांच्या झेरॉक्स पोस्टाने आल्या. जे मिळालं त्यापुढे ती बरोबरची खूण करायची. फेल्टनच्या घराच्या पत्त्यापुढे तिने लिहिलं होतं, 'वर गेल्यावर त्यालाच भेटेन.'

नववी नोंद तेवढी राहिली होती. 'सकाळचं स्तोत्र'ची रेकॉर्ड. जे गाणं तिने जन्मभर कागदावर वाचलं, ते तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. त्याला चार प्रकारचे आवाज लागतात, चाळीस माणसं लागतात. आमच्याकडे बारा होती, त्यातली दोन बहिरी. म्हणून तिने त्यातली एकच मुख्य चाल घेतली, तिच्यावर मराठी शब्द बसवले आणि सगळ्यांना एकत्र म्हणायला शिकवलं. पहिल्यांदा ते म्हटलं ते आमच्या योएलच्या कबरेवर. चार वर्षांचा होता. कावीळ झाली आणि सहा दिवसांत गेला. त्यानंतर आमच्या मंडळीत मयत म्हटलं की तेच गाणं. सावकाश, एकेक शब्द जड पावलासारखा.

एस्तेरच्या पोटात कॅन्सर निघाला तो उशिरा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर ती आठवडाभर काही बोलली नाही. मग एका सोमवारी म्हणाली, "अहो, नववी नोंद."

"काय नववी?"

"माझ्या यादीतली. तेवढं ऐकायचं होतं."

तिने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पुण्याला गेलो. ग्रंथालयात म्हणाले सभासद व्हा, दोन ओळखपत्रं आणा, रेकॉर्ड घरी मिळणार नाही, आणि ही आमच्याकडे नाहीच. मी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो आणि मला तिथून हलताच येईना. माझ्या मागे रांग लागली. तिथल्या बापट नावाच्या बाईंनी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" मी सांगितलं. त्यांनी एका चिठ्ठीवर कॅम्पातला पत्ता लिहून दिला. "हे सोराबजी. रेल्वेतून रिटायर झालेत. यांच्याकडे नसेल तर हिंदुस्थानात नसेल."

त्यांच्याकडे होती. दुपारी मी ती कॅसेट वरच्या खिशात घालून परतीच्या एसटीत बसलो. बटण दोनदा तपासलं. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला रडू येत होतं.

कारण मला वाटलं, एस्तेरने ते चुकीचं वाचलंय. शिकवायला मॅडम नव्हत्या, ऐकायला रेकॉर्ड नव्हती. कागदावरून तिने जे काढलं ते हळू काढलं, आणि सव्वीस वर्षं सबंध मंडळी तिच्यामागे चुकत गेली. योएलवर आम्ही ते चुकीचं म्हटलं. पाद्रीसाहेबांवर, तिच्या आईवर, सगळ्यांवर. तिने आयुष्यात एवढं एकच काम स्वतःचं म्हणून केलं होतं. आता शेवटच्या चार दिवसांत मी तिच्या कानाशी मशीन लावून तिला हे सांगायचं? शिरूर आलं, सुपं आलं, मला काही सुचेना.

घरी पोचलो तर मेव्हणी दारातच उभी. शलोमी, एस्तेरची धाकटी बहीण, महिनाभर आमच्याकडेच होती.

"मिळालं का, दाजी? दिवसभर एकच विचारतीय ती."

"मिळालं."

आतून एस्तेरचा आवाज आला, "लावा ना मग."

"टेप बिघडलाय," मी म्हणालो. "उद्या दुरुस्त करतो."

"बिघडलेलं घरात किती दिवस ठेवता हो तुम्ही?" ती म्हणाली. आवाजात हसू होतं. दुसऱ्याच्या मोटरी नीट करतो आणि घरचा पंखा गचके खातो, हा तिचा जुना टोमणा.

बुधवारचा दिवस चांगला उजाडला. तिला उलटी झाली नाही, दोन चमचे पेज पोटात राहिली, डोळे लख्ख होते. शलोमी म्हणाली, असा दिवस पंधरा दिवसांत आला नव्हता. आणि तो दिवस मी मागच्या पडवीत टेपरेकॉर्डर उघडून बसण्यात घालवला.

टेपच्या मोटरला पाठीमागे एक बारीक भोक असतं. आत स्क्रू असतो. तो फिरवला की मोटर हळू होते किंवा जोरात. मी तो हळूच्या बाजूला फिरवत गेलो. थोडं फिरवायचं, कॅसेट लावायची, आवाज बारीक करून ऐकायचं, परत फिरवायचं. गाणं मंद होत गेलं. आमच्या कबरस्तानाइतकं नाही झालं, पण त्याच्या जवळ आलं. मला ते बरंच बरं वाटलं. गंभीर वाटलं. मला वाटलं, हे तिला चालेल.

एक काम मी केलं नाही. स्क्रू फिरवायच्या आधी तो कुठे होता याची खूण केली नाही. माझ्या हाताखालच्या कारागिराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर बोललो असतो.

साडेचार वाजता मी टेप आत नेला आणि तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला. तिने डोळे मिटले. मी बटण दाबलं.

पहिला आवाज निघाला आणि तिने डोळे उघडले. मी तिच्याकडे पाहणं टाळलं. एक ओळ झाली, दुसरी अर्धी झाली.

"बंद करा," ती म्हणाली.

मी बंद केलं.

"या बायका आहेत का म्हशी?"

शलोमीला हसू फुटलं. मला नाही.

"पट्टी उतरलीय, अहो. पार खाली. हे असं कुठलीच बाई गात नाही. मोटर हळू चाललीय तुमची." मग ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. छत्तीस वर्षं तिने ते तोंड पाहिलं होतं. "तुम्ही केलीत?"

मी खाली बघितलं.

"का?"

"एस्तेर, ते जोरात आहे. त्या पुण्याच्या म्हाताऱ्याकडे ऐकलं मी. पळत गातात. आपण म्हणतो तसं नाहीच ते. मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"तुझं वाचायचं चुकलं असं तुला आता कळायला नको."

तिने पोटाला हात लावला. मला वाटलं दुखतंय. मग कळलं, ती हसतीय. आवाज न करता.

"माझं चुकलं? अहो, पहिल्या पानावर पहिल्याच ओळीवर लिहिलंय. जलद, आनंदाने. मला काय अक्षर कळत नाही?"

"मग?"

"योएलच्या दिवशी सुरू केलं तेव्हा बरोबरच सुरू करणार होते. पण माझा श्वासच पुरेना. एक शब्द म्हणायचा आणि थांबायचं. सगळे माझ्याबरोबर थांबले. बिचारे. त्यांना वाटलं असंच आहे." तिने ओठांवरून जीभ फिरवली. शलोमीने ओल्या बोळ्याने ओठ पुसले. "नंतर त्या कांबळेंच्या आजी गेल्या, तेव्हा सगळ्यांनी तसंच म्हटलं. मग दर मयताला तसंच. मी कुणाला कसं सांगणार, की हे हळू नाही, हे माझ्या पोराचं आहे?"

मी स्टुलावरच्या टेपकडे पाहिलं.

"म्हणून तर हवं होतं," ती म्हणाली. "माझं ऐकून ऐकून कंटाळलेय मी. एकदा त्याचं ऐकायचंय. करा ते नीट."

मी धावत पेचकस आणला. टेप तिच्याजवळच पलंगावर आडवा केला, मागचं झाकण काढलं. आणि तेव्हा मला ती खूण आठवली, जी मी केली नव्हती. स्क्रू कुठवर फिरवायचा? मला तर सुराचा कान नाही. माझ्यासाठी जोरात म्हणजे जोरात.

"एस्तेर, आधी कुठे होता ते माहीत नाही मला."

"कपाटातला काटा आणा."

तिच्याकडे सूर लावायचा लोखंडी काटा होता, दोन दातांचा, मोठ्या चिमट्यासारखा. गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, कधी बदलत नाही. "त्याची पहिली सुरावट बायकांची आहे," ती म्हणाली, "आणि पहिला सूर हाच. काटा आपटा, पलंगाच्या लाकडाला टेकवा. मग टेप लावा. मी सांगते."

मी आपटला, टेकवला. लाकूड गुणगुणलं. टेप लावला.

"खूप खाली. वर घ्या."

फिरवलं. कॅसेट मागे नेली. काटा आपटला. लावला.

"अजून वर."

इतक्यात दाराशी सायकल वाजली. सिस्टर पाटोळे आल्या. रोज पाच वाजता त्या येऊन इंजेक्शन देत. ते दिलं की दहा-पंधरा मिनिटांत एस्तेरला गुंगी यायची आणि ती सकाळपर्यंत आमची नसायची. न दिलं तर काय व्हायचं ते मी एकदा पाहिलं होतं. परत पाहायचं नव्हतं.

"आधी गाणं, मग सुई," एस्तेर म्हणाली.

"किती वेळ लागेल?" सिस्टरने मला विचारलं.

"पाच मिनिटं."

पाच मिनिटांत झालं नाही. स्क्रू जुना, पेचकस घसरायचा. जरा जास्त फिरला की गाणं चिमण्यांसारखं व्हायचं आणि ती म्हणायची, "पुढे गेलात. मागे या." मागे आलो की, "फार मागे आलात." तिचा आवाज बारीक होत गेला. कपाळावर घाम आला. तिने चादरीचा काठ दातात धरला होता आणि बोलायला तेवढा सोडायची. "वर." परत चावायची. "वर." परत.

सिस्टर माझ्याजवळ आल्या. हळू म्हणाल्या, "भाऊ, त्यांना सहन होत नाहीये. आणि मला अजून दोन घरी जायचंय."

एस्तेरने मान हलवली. नको.

मी सिस्टरकडे बघून मान हलवली. द्या.

त्यांनी सुई दिली. एस्तेर माझ्यावर रागावली नाही. तिने चादर दातातून सोडली आणि म्हणाली, "आता घाई करा."

मी तशी घाई आयुष्यात केली नाही. शलोमी काटा आपटत होती, मी कॅसेट मागे नेत होतो, फिरवत होतो, लावत होतो. सिस्टर जायच्या त्या गेल्याच नाहीत, दारात उभ्या राहिल्या. "वर… किंचित… नाही, मागे… एक केस…" तिच्या पापण्या जड होत चालल्या होत्या. शेवटी काट्याचा सूर आणि टेपमधला सूर असे मिळाले की मलासुद्धा कळलं. पलंगाचं लाकूड आणि टेप एकच वस्तू झाली.

"हां," ती म्हणाली. "हात नका लावू आता."

मी कॅसेट मागे नेली आणि सुरुवातीपासून लावली. तिचा हात माझ्या हातात घेतला.

सगळे निघाले. बायका वर, पुरुष खाली. तिचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले नाहीत. पण तिचं पहिलं बोट माझ्या मनगटावर पडू लागलं. हलकं, पण स्पष्ट. गाणं वळलं की बोट वळायचं, गाणं धावलं की बोट धावायचं. मला वाटलं, मी इतकी वर्षं हिच्याबरोबर राहिलो आणि ही आतून या वेगाने चालत होती.

एक मिनिट झालं असेल. मग बोट थांबलं.

टेपमध्ये पुरुष गातच होते. मी वाट पाहिली. बोट हललं नाही. तोंड शांत झालं होतं, कपाळ सैल पडलं होतं. सुईने काम केलं होतं. मी तिचा हात सावकाश चादरीवर ठेवला आणि टेपचा आवाज बारीक केला. झोपलेल्या माणसाला त्रास नको म्हणून. अगदी बारीक केला. उरलेलं गाणं त्या खोलीत कुणालाच ऐकू आलं नसेल.

त्यानंतर ती नीट शुद्धीवर आली नाही. शुक्रवारी सकाळी गेली. कबरस्तानात मंडळीने ते नेहमीसारखं म्हटलं, सावकाश. मी कुणाला काही सांगितलं नाही. निदान अर्धं तरी तिने ऐकलं, असं मी मनाशी धरून होतो. अकरा वर्षं त्या अर्ध्यावर काढली.

मागच्या नाताळाआधीची गोष्ट. मंडळीच्या हॉलमधला पंखा बंद पडला म्हणून दानिएल सरांनी मला बोलावलं. एस्तेरनंतर गायकवृंद ते चालवतात. आता त्यांच्याकडे चाळीस मुलंमुली आहेत. एस्तेरची वही आणि ती कॅसेट त्यांनी माझ्याकडून मागून नेली होती, आणि ते मूळ गाणं बसवत होते. पूर्ण, चारी आवाजांत, टेपमध्ये आहे त्याच वेगाने. मी शिडीवर चढून पंख्याची वायर सोडवत होतो आणि खाली त्यांची तालीम चालली होती.

सगळे निघाले. बायका वर, पुरुष खाली. आणि एक मिनिटाने बायका थांबल्या. पुरुष गातच राहिले.

मी शिडीवरून खाली पाहिलं. मुली तोंड मिटून उभ्या होत्या. कुणी विसरलं नव्हतं. सगळ्या एकदम, मुद्दाम गप्प.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "सर, मुली मध्येच का थांबल्या?"

"तिथे त्यांना थांबायचंच असतं, काका. वहीत तसं आहे." त्यांनी पान वर करून दाखवलं, जणू मला शिडीवरून ते दिसणार होतं. "एस्तेरबाई गायच्या तोच आवाज ना हा, वरचा. सोळा मात्रा गप्प राहायचं, मनात मोजायचं, आणि सतराव्याला परत उचलायचं."

"म्हणजे बोटाने ताल धरला असेल तर?"

"तालवाला धरून राहील. पण जो आपला आवाज बोटाने म्हणत असेल, त्याचं बोट तिथे थांबणार."

मी पंख्याकडे वळलो. वायर हातात तशीच राहिली. खाली दानिएल सर म्हणाले, पुन्हा सुरुवातीपासून, आणि सगळे पुन्हा निघाले. मी मोजायला लागलो. बायका थांबल्या. एक, दोन, तीन, चार. पुरुष जोरात गात होते, तरी मी मोजत राहिलो. सोळा मात्रा फार लांब नसतात. मोटर बंद केल्यावर तिचा पंखा थांबायला याहून जास्त वेळ लागतो. सतराव्या मात्रेला मुलींनी आवाज उचलला आणि हॉल भरून गेला.

मी तिचा हात कितव्या मात्रेला खाली ठेवला, ते मला काही केल्या आठवत नाही.